शाळकरी परीक्षार्थी आणि कॉलेजचें श्रेय

१

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, विद्यार्थी हायस्कुलांत शिकत असतांनाच कॉलेजच्या दर्जाची परीक्षा देतो आणि तींत चांगला उतरल्यास पुढें कॉलेजांत गेल्यावर तो विषय त्याच्या पदवीच्या हिशेबांत आगाऊ जमा होतो, अशी एक पद्धति आहे. तिचें तिकडील नांव 'ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट' असें आहे. दरवर्षीं मे महिन्यांत वीस लाखांहून अधिक विद्यार्थी या परीक्षांस बसतात, आणि तेथें स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलेंमुलीही त्यांत असतात. सनदा, महजर आणि शकावल्या यांत रमणाऱ्या आमच्या वाचकांस हा विषय प्रथमदर्शनीं परका वाटेल. तथापि तो येथें मांडण्यास दोन कारणें आहेत.

पहिलें कारण कालनिर्णयाचें. या पद्धतीच्या जन्माविषयीं एक समजूत सर्वत्र रूढ झाली आहे, आणि ती तारखांच्या कसोटीस उतरत नाहीं. दुसरें कारण अधिकारनिर्णयाचें. शाळेंत मिळविलेली विद्या कॉलेजच्या विद्येबरोबरीची आहे, असें ठरविण्याचा हक्क कोणाचा, याविषयीं त्या देशांत कॉलेजें, परीक्षामंडळ आणि कायदेमंडळें यांच्यांत आज वाद चालू आहे. वतनाच्या तंट्यांत मूळ सनद काय होती हें पाहिल्यावांचून निवाडा करितां येत नाहीं. तोच न्याय या वादासही लागू आहे.

आरंभीं दोन शब्दांतील भेद ध्यानांत ठेविला पाहिजे. पदवी मिळण्यास विद्यार्थ्यानें जें अभ्यासाचें माप पुरें करावयाचें असतें, त्या मापांतील जमेस तिकडे 'क्रेडिट' म्हणतात. आम्ही त्यास 'श्रेय' म्हणतों. विद्यार्थ्यास प्राथमिक वर्ग वगळून एकदम वरच्या वर्गांत बसूं देणें, यास 'प्लेसमेंट' म्हणतात. त्यास आम्ही 'स्थान' म्हणतों. स्थान मिळालें म्हणजे श्रेय मिळालेंच असें नाहीं. पुढील सर्व वादाचें मूळ या भेदांत आहे.

२

शिकून आलेल्या मुलास पुन्हा तेंच शिकवूं नये, ही कल्पना अमेरिकेंत नवी नाहीं. संयुक्त संस्थानांच्या राज्याची स्थापना होण्यापूर्वींचीं तिचीं उदाहरणें सांपडतात. त्यांपैकीं दोन येथें घेतों. कारण दोहोंचा पुरावा भिन्न जातीचा आहे.

जेम्स मॅडिसन, जो पुढें संयुक्त संस्थानांचा चौथा अध्यक्ष झाला, तो इ. स. १७६९ च्या उन्हाळ्यांत व्हर्जिनियाहून प्रिन्स्टन येथील कॉलेज ऑफ न्यू जर्सी या संस्थेंत आला. डोनाल्ड रॉबर्टसन आणि त्यामागून टॉमस मार्टिन या शिक्षकांपाशीं त्याचें लॅटिन व ग्रीक अगोदरच पक्कें झालें होतें. पहिल्या वर्षाच्या विषयांची परीक्षा देऊन त्यानें तें वर्ष वगळलें आणि इ. स. १७७१ च्या सप्टेंबरांत, म्हणजे सुमारें दोन वर्षांतच, पदवी मिळविली. दि. १० ऑगस्ट १७६९ रोजीं त्यानें मार्टिन यास लिहिलेलें पत्र त्याच्या छापील पत्रसंग्रहांत आहे. परीक्षा जवळ आल्यानें सर्वत्र अभ्यासाची घाई चालली असून, आपण येतांच कॉलेजांत दाखल झालों हें बरें झालें, असा त्यांत आशय आहे. हा प्रसंगाच्या वेळचा, खुद्द विद्यार्थ्याच्या हातचा कागद. या त्वरेचें मोलही त्यास द्यावें लागलें. अखेरच्या अभ्यासांत झोंप अगदीं थोडी घेतल्यानें आपली प्रकृति ढासळली, असें त्यानें वृद्धापकाळीं लिहिलेल्या टिपणांत नमूद केलें आहे.

दुसरें उदाहरण अलेक्झांडर हॅमिल्टन याचें. इ. स. १७७३ च्या सुमारास तो त्याच कॉलेजांत गेला आणि 'माझ्या श्रमानें मला जितक्या लवकर एका वर्गांतून दुसऱ्या वर्गांत जातां येईल, तितक्या लवकर जाऊं द्यावें' अशा आशयाची अट त्यानें अध्यक्ष जॉन विदरस्पून यांस घातली. विदरस्पून यांनीं ती विश्वस्तांपुढें ठेविली, आणि कांहीं दिवसांनीं नकाराचें पत्र आलें, अशी हकीकत आहे. मग हॅमिल्टन न्यूयॉर्कच्या किंग्ज कॉलेजांत गेला. तेंच पुढें कोलंबिया विद्यापीठ झालें. ही हकीकत हर्क्युलिस मुलिगन या न्यूयॉर्कच्या शिंप्यानें सांगितलेली आहे. मुलिगन हा हॅमिल्टनचा स्नेही, आणि त्याचें कथन घटनेनंतर पुष्कळ वर्षांनीं टिपलेलें. तेव्हां त्याची योग्यता बखरीची समजावी, अस्सल पत्राची समजूं नये. हॅमिल्टन किंग्ज कॉलेजांत शिकला, एवढेंच निर्विवाद आहे.

पुराव्याचें मोल असें कमीजास्त असलें तरी एका मुद्द्यावर दोन्ही उदाहरणांची साक्ष एकच पडते. शिकून आलेल्या मुलाची परीक्षा त्याच कॉलेजचे अध्यापक समोरासमोर घेत, आणि सवलत द्यावी कीं देऊं नये याचा निर्णयही त्याच कॉलेजचे चालक करीत. परीक्षक, निवाडा करणारा आणि पुढें शिकविणारा हे तिघेही एकाच छपराखालीं होते.

३

ही जुनी रीत सुटण्यास दोन गोष्टी कारण झाल्या. पहिली ऐच्छिक विषयांची. चार्ल्स विल्यम एलियट हे इ. स. १८६९ पासून १९०९ पर्यंत हार्वर्डचे अध्यक्ष होते. त्यांच्या कारकीर्दींत सर्वांस एकच ठराविक अभ्यासक्रम असावा हा नियम ढिला होत गेला आणि विद्यार्थी आपल्या पसंतीचे विषय घेऊं लागले. पूर्वीं वगळावयाचें तर सबंध वर्ष वगळावें लागे. आतां प्रत्येक अभ्यासक्रम सुटा झाला, आणि सुटा झाला म्हणून तो मोजतां येऊं लागला. पदवी म्हणजे अशा मोजलेल्या अभ्यासक्रमांची बेरीज, ही कल्पना रूढ झाली. एका विषयापुरतें श्रेय देण्याची सोय याच बदलानें उत्पन्न झाली.

दुसरी गोष्ट मापाची. ती मोठी चमत्कारिक आहे, कारण तिचा उगम अध्यापकांच्या निवृत्तिवेतनांत आहे. इ. स. १९०५ मध्यें अँड्र्यू कार्नेगी यांनीं कॉलेजांतील अध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठीं १ कोटि डॉलरांची देणगी देऊन एक प्रतिष्ठान स्थापिलें. पैसे द्यावयाचे तर कॉलेज कशास म्हणावें हें ठरविणें प्राप्त झालें. कारण नुसत्या शाळाही त्या काळीं कॉलेजाचें नांव लावीत असत. तेव्हां प्रतिष्ठानानें अशी अट घातली कीं, हायस्कुलांतील किमान १४ 'युनिट' पुरीं केल्यावांचून जें प्रवेश देत नाहीं, तेंच कॉलेज. आणि एक युनिट म्हणजे एका विषयाचा वर्षभर, एकंदर सुमारें १२० तास चाललेला अभ्यास. निवृत्तिवेतन हवें तर ही अट पाळणें भाग; म्हणून कॉलेजांनीं ती पाळली, व त्यांच्यामागोमाग शाळांनींही पाळली. पुढें कॉलेजांतील अभ्यासही तासांनींच मोजला जाऊं लागला.

येणेंप्रमाणें विद्येचें माप घड्याळाकडे गेलें. मुलास किती येतें यापेक्षां तो वर्गांत किती तास बसला यास महत्त्व आलें. मॅडिसनसारखा मुलगा या काळांत आला असता, तर त्याच्या लॅटिनची प्रशंसा झाली असती, परंतु तास भरले नाहींत म्हणून त्यास पहिल्याच वर्गांत बसविलें असतें. रोगनिदान करण्याच्या मिषानें आम्ही हें लिहीत नाहीं. तासांच्या मापानें हजारों शाळांस कांहीं एक किमान दर्जा राखावयास लाविलें, हेंही खरें आहे. परंतु पुढची सर्व चळवळ या मापाविरुद्धची प्रतिक्रिया आहे, हें समजल्यावांचून तिचा अर्थ लागत नाहीं.

४

कॉलेजाबाहेरच्या परीक्षेचा उगम याच सुमाराचा आहे. त्या काळीं प्रत्येक कॉलेज आपली प्रवेशपरीक्षा स्वतंत्र घेई, आणि दहा कॉलेजांकडे विद्यार्थी पाठविणाऱ्या शाळेस दहा प्रकारची तयारी करून घ्यावी लागे. इ. स. १८९९ च्या डिसेंबरांत न्यू जर्सींतील ट्रेंटन येथें मध्य संस्थानांतील कॉलेजांची व पूर्वतयारीच्या शाळांची सभा भरली. तींत कोलंबियाचे निकोलस मरे बटलर यांनीं सर्वांची मिळून एकच परीक्षा असावी अशी सूचना मांडली, आणि एलियट यांनीं तिला पाठिंबा दिला. लाफायेट कॉलेजचे अध्यक्ष वॉरफील्ड यांनीं हरकत घेतली. आमच्या कॉलेजांत कोणास घ्यावें हें दुसऱ्यानें सांगावें हें आम्हांस मान्य नाहीं. एखाद्या देणगीदाराच्या वा विश्वस्ताच्या मुलास घ्यावयाचें झाल्यास आम्ही घेऊं, असा त्यांचा रोख होता. त्यावर एलियट यांनीं उत्तर दिलें कीं, या योजनेखालीं लाफायेटनें परीक्षेंत जे नापास होतील तेवढ्यांसच प्रवेश द्यावयाचा ठरविलें, तरी तें त्यास खुशाल करितां येईल. कोण उत्तीर्ण झाला एवढेंच मंडळ सांगेल. ही आठवण बटलर यांनीं पुढें सुमारें पाव शतकानें सांगितली आहे, म्हणून शब्दांस चिकटून राहण्याचें कारण नाहीं. परंतु तींतील तत्त्व मंडळाच्या पुढील सर्व वर्तनांत दिसतें: परीक्षा मंडळाची, निर्णय कॉलेजचा.

दि. १७ नोव्हेंबर १९०० रोजीं कोलंबिया विद्यापीठांत या मंडळाची रीतसर घटना झाली, आणि इ. स. १९०१ च्या जूनमध्यें त्याच्या पहिल्या परीक्षेस ९७३ विद्यार्थी बसले. हेंच 'कॉलेज बोर्ड'. मात्र ही परीक्षा प्रवेशापुरती होती. दारांतून आंत घेणें एवढेंच तिचें काम. आंत गेल्यावर कोठें बसवावें आणि काय जमा धरावें, याशीं तिचा संबंध नव्हता.

तो संबंध प्रथम एका विद्यापीठानें आपल्यापुरता जोडला. इ. स. १९३१ मध्यें रॉबर्ट मेनार्ड हचिन्स यांच्या अध्यक्षतेखालीं शिकागो विद्यापीठानें नवी योजना काढली. वर्गांतील हजेरी सक्तीची न ठेवितां विद्यार्थ्याची तयारी झाली म्हणजे त्यानें सबंध विषयाची व्यापक परीक्षा द्यावी, असें तींत ठरलें. पुढें हायस्कुलांतील अखेरचीं दोन वर्षें शिल्लक असतांनाच मुलांस घेण्याची सोयही तेथें झाली. येथें घड्याळाच्या मापास उघड आव्हान मिळालें; परंतु परीक्षा घेणारे आणि श्रेय देणारे अद्याप एकाच घरचे होते.

५

आतां मुख्य विषयाकडे वळूं. इ. स. १९५० मध्यें कोरियाचें युद्ध सुरू झालें आणि तरुणांस लष्करभरतीस जावें लागूं लागलें. भरतीपूर्वीं मुलाचें कांहीं तरी उच्च शिक्षण व्हावें या विचारानें, इ. स. १९५१ मध्यें फोर्ड प्रतिष्ठानाच्या पैशांतून स्थापन झालेल्या शिक्षणनिधीनें शिकागो, कोलंबिया, विस्कॉन्सिन व येल या विद्यापीठांस साहाय्य करून साडेसोळा वर्षांखालील मुलांस हायस्कूल पुरें होण्याआधींच प्रवेश देण्याचा प्रयोग आरंभिला. मूल शाळेंतून लवकर उचलून कॉलेजांत नेणें हा एक मार्ग झाला. कॉलेजचा अभ्यास शाळेंत आणणें हा दुसरा. आणि त्याच निधीच्या साहाय्यानें त्याचा विचार दोन स्वतंत्र मंडळींनीं केला.

पहिली मंडळी तीन शाळांची व तीन विद्यापीठांची. अँडोव्हर, एक्झिटर व लॉरेन्सव्हिल या धनिकांच्या मुलांच्या निवासी शाळा; हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन हीं विद्यापीठें. अँडोव्हरचे ॲलन ब्लॅकमर हे समितीचे प्रमुख होते. त्या शाळांतून निघून त्याच विद्यापीठांत गेलेल्या विद्यार्थ्यांच्या नोंदी समितीनें तपासल्या, तेव्हां शाळेंत एकदां झालेलाच अभ्यास कॉलेजच्या पहिल्या वर्षीं पुन्हा होतो, आणि त्यामुळें हुशार मुलांचा उत्साह मावळतो, असें तिला आढळून आलें. इ. स. १९५२ मध्यें समितीचा अहवाल पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाला. शाळेचीं अखेरचीं दोन वर्षें व कॉलेजचीं पहिलीं दोन वर्षें हा एकच सलग प्रवास समजावा, आणि त्यांतील पुनरावृत्ति टाळण्यासाठीं परीक्षा घ्याव्या, असें तिनें सुचविलें.

दुसरी मंडळी बारा कॉलेजांची: बोडन, ब्राउन, कार्नेगी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, हॅव्हरफर्ड, केन्यन, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, मिडलबरी, ओबर्लिन, स्वार्थमोर, वॉबॅश, वेस्लियन व विल्यम्स. ओहायोंतील केन्यन कॉलेजचे अध्यक्ष गॉर्डन कीथ चामर्स हे या योजनेचे पुरस्कर्ते; म्हणून तिला 'केन्यन योजना' असें नांव पडलें. तिचे कार्यवाह विल्यम कॉर्नॉग हे फिलाडेल्फियाच्या सेंट्रल हायस्कूलचे प्रमुख होते. हा योग लक्षांत ठेवण्यासारखा आहे. इ. स. १८४९ च्या पेनसिल्व्हेनिया संस्थानाच्या कायद्यानें या हायस्कुलास पदव्या देण्याचा अधिकार मिळालेला आहे. आणि त्याच्या प्रमुखास हेडमास्तर न म्हणतां कॉलेजच्या रीतीनें अध्यक्ष म्हणतात. शाळा आणि कॉलेज यांच्या सीमेवर शंभर वर्षें उभ्या असलेल्या घरचा मनुष्य सीमा मोजण्याच्या कामीं नेमला गेला.

केन्यन योजनेचें खरें नांव 'पुढील दर्जासह प्रवेश' या अर्थाचें होतें. विषयवार समित्या बसल्या. त्यांत कॉलेजचे अध्यापक होते आणि शाळांचे शिक्षकही होते. कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमांत नेमकें काय असतें, हें त्यांनीं लिहून काढलें. आजवर प्रत्येक अध्यापकाच्या मनांत असलेली गोष्ट कागदावर आली, हेंच या योजनेचें मोठें कार्य होय. समोरासमोरच्या परीक्षेंत अध्यापकास आपला दर्जा कधीं लिहून द्यावा लागत नसे.

६

इ. स. १९५४ च्या वसंतांत या परीक्षा प्रथम घेतल्या गेल्या. प्रश्नपत्रिकांचें काम प्रिन्स्टन येथील एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिसकडे होतें. त्या वेळीं एक गोष्ट मोठ्या शहाणपणाची केली गेली: शाळकरी मुलांनीं सोडविलेले प्रश्न बारा कॉलेजांतील पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसही सोडवावयास दिले. बहुतेक विषयांत शाळेंतील निवडक मुलें त्यांच्या बरोबरीनें किंवा सरस ठरलीं. कॉलेजच्या दर्जाचें म्हणजे काय, याचा निकाल मतानें न लावितां ताडून पाहून लाविला गेला. दोन प्रती जुळविल्यावांचून पाठ निश्चित करूं नये हा जो पोथ्यांच्या संशोधकांचा नियम, तोच हा.

इ. स. १९५५ मध्यें कॉलेज बोर्डानें ही योजना आपल्याकडे घेतली. विल्यम्स कॉलेजचे इतिहासाचे अध्यापक चार्ल्स केलर हे तिचे पहिले संचालक झाले. इ. स. १९५६ च्या मे महिन्यांत बोर्डाच्या नांवानें पहिली परीक्षा झाली. तीस १०४ शाळांतील १,२२९ विद्यार्थी बसले. त्यांनीं मिळून २,१९९ परीक्षा दिल्या, आणि ते पुढें १३० कॉलेजांत गेले.

आरंभीं ज्या रूढ समजुतीचा उल्लेख केला, ती आतां तपासूं. रशियानें 'स्पुट्निक' हा कृत्रिम उपग्रह सोडला, त्यामुळें अमेरिका हादरली, आणि त्या धक्क्यांतून हुशार मुलांसाठीं ही परीक्षा निघाली, असें पुष्कळदां सांगण्यांत येतें. स्पुट्निक सुटला दि. ४ ऑक्टोबर १९५७ रोजीं. ब्लॅकमर समितीचा अहवाल १९५२ चा, पहिली चांचणी १९५४ ची, बोर्डाची पहिली परीक्षा १९५६ ची. कार्य अगोदर आणि कारण मागून, असें इतिहासांत होत नाहीं. स्पुट्निकनें या योजनेस पैसा, लोकांचें लक्ष व विज्ञानाचा भर मिळवून दिला, एवढें म्हणावें. तिचा उगम रशियाच्या भयांत शोधूं नये. तो कोरियन युद्धाच्या काळांतील घाईंत व पुनरावृत्तीच्या कंटाळ्यांत आहे.

दुसरी समजूत अशी कीं, फीचे पैसे वांचविण्यासाठीं ही योजना निघाली. नांवच तिच्या विरुद्ध साक्ष देतें. बोर्डानें जें नांव कायम केलें त्यांत 'स्थान' हा शब्द आहे. 'श्रेय' हा नाहीं. हुशार मुलास त्याच्या योग्य वर्गांत बसवावें, हा मूळ हेतु. श्रेय हें त्याच्या मागून येणारें, आणि तें द्यावें कीं नाहीं हें ज्या त्या कॉलेजच्या मर्जीवर. बोर्ड १ पासून ५ पर्यंत अंक देतें; ५ म्हणजे अत्युत्तम, ३ म्हणजे पात्र; आणि हा अंक शिफारशीच्या स्वरूपाचा असतो. एलियट यांनीं ट्रेंटनच्या सभेंत सांगितलेलें तत्त्व येथेंही कायम राहिलें. हीच या पद्धतीची मूळ सनद होय.

७

पुढील प्रसार थोडक्यांत सांगतों. हार्वर्डनें तीन किंवा अधिक विषयांत चांगले अंक मिळविणाऱ्यांस एकदम दुसऱ्या वर्षांत घेण्याची सोय केली. म्हणजे मॅडिसनची सवलत दोन शतकांनीं नव्या रूपांत परत आली. हळूहळू ही परीक्षा निवासी शाळांच्या आवाराबाहेर पडली आणि सरकारी शाळांत पोंचली. तेथें तिचा अर्थ पालटला. अँडोव्हरच्या मुलास ती पुनरावृत्ति टाळण्याचें साधन होती. गरीब वस्तींतील मुलास ती आपली लायकी परक्यांकडून वदवून घेण्याचें साधन झाली.

याचें प्रसिद्ध उदाहरण इ. स. १९८२ चें. लॉस एंजेलिसच्या पूर्व भागांत गारफील्ड हायस्कूल आहे. तेथील बहुतेक मुलें मेक्सिकन वंशाच्या श्रमिक कुटुंबांतील. बोलिव्हियांतून आलेले हायमे एस्कालांते हे तेथें गणित शिकवीत. त्या वर्षीं त्यांचे १८ विद्यार्थी कॅल्क्युलसच्या परीक्षेंत उत्तीर्ण झाले. त्यांपैकीं १४ जणांच्या उत्तरपत्रिकांतील साम्यावरून परीक्षकांनीं संशय घेतला. तेव्हां १२ जण पुन्हा परीक्षेस बसले, आणि बाराही उत्तीर्ण झाले. पुढें इ. स. १९८८ मध्यें या प्रसंगावर चित्रपटही निघाला. उत्तरांचें साम्य हा नकलेचा पुरावा कीं एकाच गुरूच्या शिकवणीचा, हा प्रश्न हस्तलिखितांच्या शाखा लावणाऱ्यांस नवा नाहीं. दोन पोथ्यांत एकच चूक आढळली म्हणजे त्या एकमेकींवरून उतरल्या असें लगेच म्हणूं नये. दोहोंची मूळ प्रत एक असूं शकते. येथें दुसऱ्या परीक्षेनें निदान एवढें ठरविलें कीं, विद्या मुलांची स्वतःची होती.

इ. स. १९९९ मध्यें कॅलिफोर्नियांतील इंगलवुड हायस्कूलच्या विद्यार्थ्यांनीं संस्थानाच्या सरकारावर फिर्याद केली. आमच्या शाळेंत या दर्जाचे अवघे तीन विषय शिकवितात, आणि जवळच्या श्रीमंत बेव्हर्ली हिल्समध्यें चौदा. मग कॉलेजच्या प्रवेशांत आमची बरोबरी कशी व्हावी, असें त्यांचें म्हणणें. सवलत म्हणून निघालेली गोष्ट आतां हक्क म्हणून मागितली जाऊं लागली. त्याबरोबर परीक्षार्थींचें वयही उतरलें. मुळांत ती शाळेच्या शेवटल्या वर्षांतील मुलांसाठीं होती. इ. स. २००१ पासून मानवी भूगोलाची परीक्षा सुरू झाली; हा विषय तर पुष्कळ शाळांत नवव्या इयत्तेंतच, म्हणजे चौदापंधरा वर्षांच्या मुलांस, देतात. कॉलेजच्या पहिल्या वर्षाची परीक्षा हायस्कूलच्या पहिल्या वर्षीं, इतकें हें अंतर वाढलें आहे.

८

हें अंतर वाढल्यावर मूळ सनदेवर दोन्ही बाजूंनीं ताण पडला. इ. स. २०१३ च्या जानेवारींत डार्टमथ कॉलेजनें जाहीर केलें कीं, २०१४ पासून दाखल होणाऱ्यांस या परीक्षांबद्दल पदवीच्या हिशेबांत श्रेय मिळणार नाहीं. योग्य वर्गांत स्थान मात्र मिळेल. तेथील मानसशास्त्र विभागानें सर्वोच्च ५ अंक मिळालेल्या विद्यार्थ्यांस आपली स्वतःची लहानशी परीक्षा देऊन पाहिली होती, आणि बहुसंख्य तींत अनुत्तीर्ण झाले, असें त्या वेळीं सांगण्यांत आलें. बोर्डानें त्या प्रयोगाच्या पद्धतीवर आक्षेप घेतला. याच्या उलट इलिनॉय संस्थानानें इ. स. २०१५ मध्यें कायदा करून आपल्या सर्व सरकारी कॉलेजांवर असें बंधन घातलें कीं, ज्यास ३ वा अधिक अंक आहेत त्यास २०१६-१७ पासून श्रेय दिलेंच पाहिजे.

एका ठिकाणीं कॉलेज म्हणतें, तुमचें माप आम्हांस नको. दुसऱ्या ठिकाणीं कायदेमंडळ म्हणतें, तें माप तुम्हांस घेतलेंच पाहिजे. यांत खरें कोणाचें?

आमच्या मतें डार्टमथ मूळ सनदेस धरून आहे. श्रेय देण्या-न देण्याचा अधिकार कॉलेजनें आपल्या हातीं ठेवावा व परीक्षेनें केवळ साक्ष द्यावी, हाच १९०० चा व १९५५ चा करार. परंतु सनदेची अक्षरें पाळणें आणि तिचा हेतु पाळणें या गोष्टी भिन्न आहेत. १९५४ मध्यें शाळेच्या व कॉलेजच्या विद्यार्थ्यांस एकच प्रश्न घालून ताडून पाहिलें होतें. करार टिकला तो या ताडून पाहण्यावर टिकला. ज्या कॉलेजास बाहेरचें माप नाकारावयाचें असेल, त्यानें आपल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसही त्याच मापानें मोजून दाखवावें, आणि निकाल उघड करावा. तसें न करितां नुसता नकार दिला, तर वॉरफील्ड यांच्या हरकतींत आणि त्या नकारांत फारसें अंतर राहत नाहीं. व त्याचा भार ज्यांस चौथ्या वर्षाची फी जड जाते त्यांच्यावर पडतो. उलट कायद्यानें अंकांस हुकुमाचें बळ दिलें, म्हणजे साक्षीदारच न्यायाधीश होतो. इलिनॉयचा हेतु गरिबांच्या हिताचा आहे यांत शंका नाहीं. परंतु ज्या प्राथमिक वर्गांत खरें शिकावयास मिळालें असतें, तोच वर्ग चौदाव्या वर्षीं दिलेल्या परीक्षेच्या आधारें कायमचा वगळला गेला, तर नुकसान त्या मुलाचेंच. तात्पर्य, स्थानाचा निर्णय विद्येवर व्हावा, आणि श्रेयाचा निर्णय ताडून पाहिलेल्या विद्येवर व्हावा. दोन्हींची गल्लत करूं नये.

आपल्याकडेही इ. स. २०२१ मध्यें विद्यापीठ अनुदान आयोगानें श्रेयांकांची पेढी स्थापण्याचे विनियम काढले. विद्यार्थ्यानें निरनिराळ्या संस्थांत मिळविलेलें श्रेय तींत जमा राहतें. जमाखर्च चोख ठेवणें हें काम पेढीचें. नाणें खरें कीं खोटें हें पाहणें पारख्याचें. हा भेद अमेरिकेस शंभर वर्षांच्या अनुभवानें कळला. तो आपणांस तिच्या कागदपत्रांवरून फुकट कळण्यासारखा आहे.

९

शेवटीं एक गोष्ट हस्तलिखितांच्या संग्राहकांसाठीं. अमेरिकेंत परीक्षेच्या उत्तरांची वही निळ्या पुठ्ठ्याची असे. तिला 'ब्लूबुक' म्हणत. इ. स. २०२५ च्या मे महिन्यांत या परीक्षांपैकीं २८ विषयांच्या परीक्षा संगणकावर गेल्या. त्यांतील १६ सर्वस्वी, आणि १२ विषयांत प्रश्न पडद्यावर व दीर्घ उत्तरें कागदावर. ज्या संगणकव्यवस्थेवर त्या घेतल्या तिचें नांव 'ब्लूबुक' असेंच ठेविलें आहे. वस्तु गेली आणि नांव मागें राहिलें. इतिहासांत असें नेहमींच होतें. भाषेंत पुष्कळ शब्द असे आहेत कीं ज्यांची वस्तु आतां संग्रहालयांतच पाहावयास मिळते.

मॅडिसनचें पत्र राहिलें म्हणून इ. स. १७६९ मधील एका मुलाच्या परीक्षेविषयीं आपण आज खात्रीनें बोलूं शकतों. आणि हॅमिल्टनचें तसें पत्र नाहीं म्हणून शिंप्याच्या आठवणीवर विसंबावें लागतें. गारफील्डच्या मुलांवरील संशय उत्पन्न झाला तोही उत्तरपत्रिकांवरून, आणि फिटला तोही उत्तरपत्रिकांवरून. ज्यांच्या घरीं अशा परीक्षांच्या छापील प्रश्नपत्रिका, गुणपत्रें किंवा कॉलेजांकडून आलेलीं श्रेयाचीं पत्रें असतील, त्यांनीं तीं रद्दींत घालूं नयेत. पदव्या भिंतीवर टांगल्या जातात व राहतात. पदवीकडे नेणारे हे लहान कागद मात्र नाहींसे होतात, आणि शंभर वर्षांनीं निवाडा करावयाचा झाला म्हणजे तेच हवे असतात.